पळसदेव : जलाशयातील इतिहास

बारामती व इंदापूर हे दोन तालुके एका दिवसात फिरून येण्याजोगे आहेत. बारामतीस कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी (१७२९-१७९४) काव्यरचना केली. इंदापुरास मालोजीराजांची गढी आहे. या स्थळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून आम्ही वाचकांस भीमेकाठच्या पळसदेवला नेऊ इच्छितो.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढे येथे ऊस फोफावला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा मात्र भीमेकाठची गावे पाण्यात गेली. पळसदेवचे लोक उंचावर नव्या गावठाणात राहावयास गेले. पळसनाथाचे पुरातन देवालय जागीच राहिले. एरवी त्याचे शिखर तेवढे पाण्यावर दिसते. ऐन उन्हाळ्यात साठा फारच उतरला तर मंडप उघडा पडतो व गाळातून वीरगळ वर येतात. येथील शके १०७९ (इ. स. ११५७) चा शिलालेख मराठीच्या आद्य कोरीव लेखांत गणला जातो.

भिगवणचे रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांना हे ‘पाण्यातले देऊळ’ मौजेचे वाटते. आम्हांस चिंता वाटते ती निराळीच. ओल आणि ऊन आळीपाळीने लागून चिऱ्यांचे सांधे सुटतात. कोणता वीरगळ जुन्या गावात कोठे उभा होता, हे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. अभ्यासकांनी सहलीचा दिवस धरणातील पाणी पाहून ठरवावा, आणि ठसे घेण्याचे साहित्य बरोबर न्यावे.