ट्रेजनचा स्तंभ : शिल्पकला आणि राजकीय प्रचार

प्रस्तावना

प्राचीन रोममधील स्मारकशिल्प हे केवळ सौंदर्यनिर्मितीचे साधन नव्हते. सत्तेला लोकमान्यता मिळवून देणारे ते प्रभावी माध्यम होते. इ.स. 113 मध्ये सम्राट ट्रेजनच्या डेशियाविजयाच्या स्मरणार्थ रोममध्ये उभारलेला स्तंभ हे याचे ठळक उदाहरण होय. त्यावर काय दाखविले आणि काय वगळले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिल्पपटाचा आशय

चौथऱ्यासह सुमारे 38 मीटर उंचीच्या या संगमरवरी स्तंभाभोवती सुमारे 200 मीटर लांबीचा शिल्पपट वर चढत जातो. इ.स. 101-102 व 105-106 या दोन युद्धांचे चित्रण त्यात असून मानवाकृतींची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. ट्रेजन सुमारे साठ वेळा दिसतो. मात्र तो स्वतः शस्त्र चालवीत नाही. तो सैन्यापुढे भाषण करतो, यज्ञबळी अर्पण करतो, शत्रूच्या दूतांना भेटतो. सैनिकही लढण्यापेक्षा किल्ले, रस्ते व पूल बांधताना अधिक आढळतात. परिणामी आक्रमणाला सुव्यवस्थित राज्यकारभाराचे रूप येते. जखमी रोमन सैनिकांवर उपचार होताना दिसतात, पण धारातीर्थी पडलेले रोमन जवळजवळ दिसत नाहीत. उलट, झाडाखाली गुडघ्यावर बसून स्वतःचा गळा चिरणारा डेशियन राजा डेसिबॅलस सन्मानाने रेखाटला आहे. कारण शत्रू जितका शूर, तितका विजय मोठा.

दृश्यतेचा प्रश्न

वरचे वेढे जमिनीवरून स्पष्ट दिसत नाहीत. मग हा प्रचार कसा, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. परंतु प्रत्येक प्रसंग वाचला जाणे आवश्यक नव्हते. संपूर्ण पाहता न येण्याइतके पराक्रम सम्राटाच्या नावावर आहेत, हा संदेश खाली उभ्या असलेल्या नागरिकालाही कळत होता. चौथऱ्यावरील लेखात युद्धाचा उल्लेखही नाही. बांधकामासाठी किती उंचीची जागा खणून काढली हे दर्शविण्यासाठी सिनेट व रोमन जनतेने हा स्तंभ अर्पण केला, असे तो सांगतो. सम्राटाची स्तुती अशा रीतीने जनतेच्या मुखी घातली गेली.

निष्कर्ष

ट्रेजनने स्वतः लिहिलेल्या युद्धवृत्तांताचे एकच वाक्य आज शिल्लक आहे. डेशियनांची बाजू सांगणारा ग्रंथ उपलब्ध नाही. त्यामुळे इतिहासकारांना या शिल्पपटाचा आधार घ्यावा लागतो. तथापि तो युद्धाचा साक्षीदार नसून विजेत्याचा वकील आहे, हे भान ठेवूनच त्याचा साधन म्हणून उपयोग केला पाहिजे.