तळटीप : नर हत्तीचा माज

१२. माज : वयात आलेल्या नर हत्तीला साधारणपणे वर्षातून एकदा येणारी नैसर्गिक अवस्था. हा आजार नव्हे, पिसाळणेही नव्हे. डोळा आणि कान यांच्यामधली ग्रंथी सुजते, चिकट, उग्र वासाचा मद गालावर ओघळतो, मूत्र थेंबथेंब गळत राहते. रक्तातले टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते. पण माजाचे स्वरूप केवळ संप्रेरकांवर ठरत नाही; शरीराची स्थिती आणि थोरांची सोबतही त्यात मोजावी लागते. अंगाने भरलेला प्रौढ नर दीर्घकाळ माजात राहतो. खंगलेल्याचा माज लवकर ओसरतो. दक्षिण आफ्रिकेतील पिलान्सबर्ग उद्यानात वडीलधाऱ्यांवाचून वाढलेले तरुण नर अवेळी माजावर येऊन गेंडे मारत. १९९८ मध्ये सहा प्रौढ नर आणून सोडल्यावर हे हल्ले थांबले. आपल्याकडचे जवळचे नाव म्हणजे कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानाचा, साखळदंडात ठेवलेला हत्ती ‘सुंदर’. हा नर २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. साखळदंडातल्या नराला ना हिंडायला रान मिळते, ना थोराड नराचा धाक. म्हणून माजातल्या हत्तीला दोष देण्याआधी त्याला कसे ठेवले आहे, ते पाहावे. – संपादक