एक पत्र, पाच वाचक

व्हॉट्सॲप उघडलं की वरच लिहिलेलं असतं, हा मेसेज तुमच्या दोघांशिवाय कुणीही वाचू शकत नाही. १९१५ साली सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या बाईने फ्रान्समधल्या नवऱ्याला पत्र पाठवलं, तर ते किती जण वाचत असतील? मोजूनच बघू.

पहिला, लिहिणारा. १९११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांपैकी जेमतेम एक साक्षर होती. म्हणजे पत्र सांगायचं गावच्या मास्तरांना, कुलकर्ण्यांना किंवा शाळेत जाणाऱ्या दिराला. आता दिरासमोर, सासू ओट्यावर बसलेली असताना, नवऱ्याला काय सांगणार? पाऊस कसा झाला, बैल आजारी आहे, मनिऑर्डर पोचली, भावकीने बांध कोरला. बाकीचं मनातच राहणार. दुसरा वाचक फ्रान्समधला सेन्सॉर. तिसरा पलटणीतला वाचता येणारा सोबती, कारण नवऱ्यालाही बहुतेक वेळा वाचता येत नसे. चौथे, आजूबाजूला बसून ऐकणारे. नवऱ्याचा नंबर पाचवा.

यातला दुसरा वाचक महत्त्वाचा. सप्टेंबर १९१४ पासून हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरू लागली. गदर चळवळीची पत्रकं टपालातून शिपायांपर्यंत पोचतील अशी सरकारला भीती होती. म्हणून हिंदी टपालासाठी वेगळं सेन्सॉर ऑफिस निघालं आणि पुढे ते बुलोन बंदरात बसलं. त्याचा प्रमुख इव्हलिन हॉवेल हा आयसीएस अधिकारी. मार्च १९१५ पर्यंत फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. गावाकडून येणारी वेगळीच. हॉवेलकडे माणसं मूठभर, त्यामुळे सगळं वाचणं अशक्यच होतं. ते नमुना काढायचे, मोजक्या पत्रांतला मजकूर इंग्रजीत उतरवायचे आणि फौजेचा मूड काय आहे याचा रिपोर्ट वर पाठवायचे. पत्र अडवण्यापेक्षा माणसं जोखणं हे खरं काम. माझ्या धंद्यात याला सँपलिंग म्हणतात. आम्हीही लॉगमधल्या चार ओळी बघून लाखो लोकांना काय वाटतंय ते ठरवतो, म्हणून हॉवेलला नावं ठेवायला मी जरा कचरतो.

आपलं टपाल कुणीतरी उघडतंय हे शिपायांना माहीत होतं. मग काळी मिरी आणि लाल मिरची सुरू झाली. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. हॉवेललाही ते समजलं होतं. या लोकांना स्पष्ट न बोलता सगळं सांगायची कला येते, अशी त्याची नोंद आहे. सासूसमोर पत्र सांगणाऱ्या बाईलाही ती कला येत असणारच, फक्त तिच्यावर रिपोर्ट लिहायला कुणी बसलेलं नव्हतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरचा यात संबंध आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. इथली छावणी म्हटलं की गुरुवारचा बाजार आठवतो, पण ती मुळात निजामाच्या नावाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद काँटिंजंटची. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली आणि तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स उभी राहिली. त्यात शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमान स्वार होते. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हाय वुडजवळ मशीनगनच्या काळात भाले घेऊन चाल करून गेले, ते हेच.

मराठे फ्रान्समध्ये होते ते मुख्यतः खडकीच्या बाँबे सॅपर्समध्ये. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेलला त्यांच्या दोन कंपन्या कापल्या गेल्या. पण मराठा पलटणींचं खरं युद्ध मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं, म्हणून बुलोनच्या फायलींत मराठी आवाज थोडेच. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. बाहेरच्या जगाशी बोलायला वायरलेस तेवढा. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले गेले, पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. मग हिंदुस्तानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवावे लागले. गावाकडे परत गेल्यावर पंगतीला कोण बसवेल, ही भीती भुकेपेक्षा मोठी ठरली होती. घरच्यांचं मत कळायला त्यांना पत्राची गरज नव्हती.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१ ते १८६५) पत्रं आज हजारोंनी सापडतात. तिथे शिपायांच्या टपालावर अशी सर्रास सेन्सॉरशिप नव्हती आणि बहुतेक गोऱ्या शिपायांना लिहिता येत होतं. पत्रं घरच्या पेट्यांत राहिली, चुकीच्या स्पेलिंगसकट. आपल्याकडे मूळ पत्रं जवळजवळ सगळी गेली. उरले ते सेन्सॉरच्या रिपोर्टमधले उतारे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंग्रजीत. म्हणजे ज्याने चोरून वाचलं त्याच्यामुळेच ते टिकलं. यात मला राग कुणावर काढावा ते कळत नाही. मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेलं ‘वि. वि.’ गेलं, ‘इकडील सर्व क्षेम’ गेलं, आणि त्या क्षेममध्ये नेमकं काय लपवलं होतं तेही गेलं. ‘धनी’ आणि ‘अहो’ या दोन्हींचं इंग्रजी एकच होत असेल.

मेसोपोटेमियात बेपत्ता झालेल्यांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभं राहिलं, चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीसुद्धा. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला: आणि आणखी इतके.