पाण्याच्या तीन अवस्था : रेणू तोच, हालचाल वेगळी

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे आहेत. तिन्हींत रेणू तोच असतो : हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. बदलते ती रेणूंची मांडणी आणि हालचाल.

स्थायू : बर्फात प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो आणि जागेवरच कंप पावतो. या जाळीत पोकळ्या राहतात. म्हणून गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो.

द्रव : बंध सतत तुटतात आणि नव्याने जुळतात. रेणू एकमेकांजवळून सरकतात, म्हणून पाणी वाहते.

वायू : वाफेत रेणू सुटे होऊन दूरदूर पसरतात.

पाण्याची वाफ होण्यासाठी ते उकळावेच लागते असे नाही. गोंदिया जिल्ह्यातील कामठा येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तरी माठातले पाणी गार राहते. माठातून झिरपलेल्या पाण्यातील वेगवान रेणू हवेत निसटतात. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. कूलर आणि घाम यांचे कामही असेच चालते.

पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट होते. तेव्हा हवेतील बाष्पाचे बरेच रेणू पाण्यात परत येतात आणि बाष्पीभवन मंदावते. घाम वाळत नाही, शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच पारा थोडा उतरला तरी उष्माघाताचा धोका टळत नाही.