पोर्शेचे कूळ आणि सोलापूर रस्ता

कुरकुंभला पुणे-सोलापूर महामार्गावरून दौंडचा रस्ता फुटतो. गळीत हंगामात या रस्त्यांवर उभे राहिले तर तासाभरात वाहनांची सगळी जातकुळी नजरेखालून जाते. औद्योगिक वसाहतीतून निघालेले रसायनांचे टँकर, उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गुऱ्हाळांतल्या गुळाच्या ढेपा आणि शिवारातली भाजी घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघालेले टेम्पो, आणि या सगळ्यांना उजवीकडून मागे टाकत पाटसच्या टोलनाक्याकडे जाणारी एखादी परदेशी गाडी. त्यात पोर्शे क्वचितच असते, पण असली की टपरीवरच्या माना वळतात. सर्वसाधारण समजूत अशी की ट्रॅक्टर-टेम्पो हे एक जग आणि पोर्शे हे दुसरे. पहिले कष्टाचे, दुसरे चैनीचे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ज्या जर्मन स्पोर्ट्स कारची मालकी जगभर मिरवली जाते, तिचे कूळ ट्रॅक्टर आणि स्वस्त प्रवासी गाडीचेच आहे. तिच्याविषयी वाटणारी ओढही मुळात याच कुळातून आली, वेग आणि पैसा नंतर जोडले गेले, असे माझे मत आहे.

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म १८७५ साली बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. वडील पत्र्याची भांडी आणि सामान घडवणारे कारागीर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी आखलेली, चाकांच्या तुंब्यांतच मोटारी बसवलेली विजेची गाडी झळकली. १९२३ पासून ते श्टुटगार्टच्या डाइमलर कंपनीत तांत्रिक प्रमुख होते, म्हणजे मर्सिडीजच्या घडणीतही त्यांचा हात आहे. १९३१ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. ती कारखाना नव्हती, दुसऱ्यांसाठी यंत्रांचे आराखडे करून देणारी कचेरी होती. याच कचेरीत सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीचा, पुढे 'बीटल' म्हणून जगभर गेलेल्या फोक्सवागनचा, आराखडा झाला. पोर्शे हे नाव लावणारी पहिली स्पोर्ट्स कार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि आली तीही बीटलच्याच सामानातून.

ती कशी आली हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. युद्धात श्टुटगार्टवर बॉम्ब पडू लागले तेव्हा कचेरी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या डोंगराळ गावी, लाकूड कापण्याच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात हलली. युद्ध संपल्यावर फर्डिनांड फ्रेंचांच्या कैदेत होते. कामाची धुरा मुलगा फेरी याच्याकडे आली. हातात पैसा नाही, यंत्रसामग्री जेमतेम, पोलाद दुर्मीळ. मग फोक्सवागनचे इंजिन, तिचेच ब्रेक, तिचेच स्टिअरिंग आणि तिचीच चाकांची जोडणी घेऊन त्यांनी हलकी गाडी रचली. एर्विन कोमेंडा यांनी आखलेल्या देहाला आकार देण्यासाठी लाकडाचा साचा केला आणि ॲल्युमिनियमचा पत्रा त्यावर हातोडीने ठोकून ठोकून बसवला. ८ जून १९४८ रोजी या '३५६' च्या पहिल्या नमुन्याला रस्त्यावर धावण्याची परवानगी मिळाली. इंजिन जेमतेम पस्तीस अश्वशक्तीचे. आज आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचेही याहून दणकट असते. तरी ती गाडी चपळ वाटे, कारण तिच्यावर अनावश्यक वजनच नव्हते. पहिला नमुनाही कंपनीला जवळ ठेवता आला नाही. पैशांची निकड होती म्हणून तो स्वित्झर्लंडमध्ये विकला गेला. ग्म्युंडमध्ये पन्नासेक गाड्या झाल्या आणि १९५० मध्ये काम पुन्हा श्टुटगार्टला परतले.

त्याच काळात दुसरीकडे पोर्शेचे नाव शेतात उतरत होते. फर्डिनांड यांनी युद्धापूर्वीच लहान शेतकऱ्यासाठी ट्रॅक्टरचे आराखडे केले होते. युद्धानंतर ते आल्गायर कंपनीने वापरले, आणि १९५६ पासून फ्रीडरिक्सहाफेनजवळच्या मान्त्सेल इथे 'पोर्शे-डीझेल' या नावाने लाल ट्रॅक्टर निघू लागले. ज्युनिअर, स्टँडर्ड, सुपर आणि मास्टर अशी त्यांची श्रेणी होती, एका सिलिंडरपासून चार सिलिंडरपर्यंत. १९६३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत असे एक लाखाहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. म्हणजे त्या काळच्या जर्मन खेड्यात पोर्शे म्हटले की नांगर ओढणारे यंत्र डोळ्यांपुढे येणे अगदी स्वाभाविक होते. महत्त्वाची गोष्ट अशी की बीटल, ३५६ आणि हा ट्रॅक्टर तिन्ही हवेने थंड होणारे. रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणून हिवाळ्यात गोठायला काही नाही आणि उन्हाळ्यात उकळायलाही काही नाही. पाण्याची वानवा सोसलेल्या दौंड-शिरूरच्या माणसाला या विचारातला शहाणपणा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. पोर्शेचा ट्रॅक्टर आपल्याकडे रुजला नाही. पण एअर-कूल्ड इंजिनांसाठी ओळखली जाणारी दुसरी जर्मन कंपनी, आयशर, रुजली. १९५९ मध्ये फरिदाबादला तिचा पहिला भारतीय ट्रॅक्टर बाहेर पडला आणि ते नाव मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे.

या कुळाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. फर्डिनांड पोर्शे नाझी राजवटीच्या जवळचे होते. बीटल ही हिटलरची लाडकी योजना होती. युद्धकाळात फोक्सवागनच्या कारखान्यात वेठबिगार आणि छळछावणीतले कैदी राबवले गेले, तेव्हा पोर्शे त्या कारखान्याच्या प्रमुखांपैकी होते. संस्थेचे एक मूळ भागीदार आडोल्फ रोझेनबेर्गर ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा नाममात्र किमतीला काढून घेतला गेला, त्यांना छळछावणीत डांबले गेले आणि सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला. कंपनीच्या उत्सवी इतिहासात हे नाव फार काळ दबलेलेच राहिले. सामान्यांची गाडी म्हणून जिचे गुण गायचे, ती सामान्यांच्याच गुलामीवर उभी होती, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो खोडू पाहत नाही. माझा मुद्दा पोर्शेच्या नैतिक थोरवीचा नाही. लोकांना ही गाडी जवळ बाळगावीशी का वाटली, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर '९११' मध्ये सापडते. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी '९०१' म्हणून आली. मधे शून्य असलेले तीन अंकी क्रमांक आपले, अशी प्यूजोने हरकत घेतली म्हणून ती ९११ झाली. फेरी यांचा मुलगा फर्डिनांड अलेक्झांडर याने तिला रूप दिले. सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या आसाच्याही मागे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही जागा अडचणीची. वळणावर पाय अचानक उचलला तर शेपूट बाहेर फेकले जाई, आणि सुरुवातीच्या गाड्यांनी कित्येकांना धडा शिकवला. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट फुअरमान यांनी ९११ बंद करून तिच्या जागी पुढे इंजिन असलेली ९२८ आणायचे ठरवले होते. १९८१ मध्ये पीटर शुत्स आले आणि त्यांनी तो निर्णय फिरवला. मुख्य अभियंत्याच्या खोलीतल्या तक्त्यावर ९११ ची रेघ १९८१ ला संपत होती. मार्कर घेऊन आपण ती तक्त्याबाहेर भिंतीपर्यंत ओढली, असे ते पुढे सांगत. एखादी कंपनी सदोष मानल्या गेलेल्या रचनेला साठ वर्षे धरून राहते, दरवेळी तिचा दोष थोडा थोडा काढत जाते, आणि रूप मात्र ओळखू येईल इतके कायम ठेवते, याला व्यापारात फार थोडे दाखले आहेत. हवेने थंड होणारे इंजिन १९९८ मध्ये गेले, तरी २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ बाहेर पडली तेव्हा ती १९६३ च्या गाडीची नात आहे हे लहान मूलही सांगू शकले असते. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याची गाडी जुनी होते, पण टाकाऊ होत नाही. आजवर बनलेल्या पोर्शेंपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक अजून रस्त्यावर आहेत, असे कंपनी सांगते. थोडी अतिशयोक्ती धरली तरी हा दावा वेगाचा नाही, टिकण्याचा आहे.

कोणी म्हणेल, मग शर्यतींचे काय? पोर्शेचे नाव तर ल मां इथल्या शर्यतीने गाजवले. खरे आहे. १९५१ मध्ये आपल्या वर्गातला विजय आणि १९७० मध्ये ९१७ या गाडीने मिळवलेले पहिले निर्विवाद अग्रस्थान, तिथून पुढे विजयांची रांगच लागली. पण ती शर्यत चोवीस तासांची असते. तिथे सर्वांत वेगवान गाडी पहाटे तीन वाजता गिअरबॉक्स गमावून बाजूला उभी असते, आणि शेवटपर्यंत धड राहते ती जिंकते. स्पोर्ट्स कारच्या जगात पोर्शेने जो मान मिळवला तो भरवशाच्या गाडीचा.

हीच भरवशाची ओढ पुणे जिल्ह्यात जर्मन यंत्राविषयी कशी रुजली, हे पाहिले की या प्रतिपादनाला इथल्या मातीतला पुरावा मिळतो. अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बर्गच्या फिडाल अँड झोन टेम्पो-वेर्के या कंपनीशी करार करून १९५८ मध्ये 'हॅन्सिएट' ही तीनचाकी मालगाडी भारतात बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या बजाज टेम्पो या कंपनीचा कारखाना आकुर्डीला आला. हॅन्सिएटची रचना आज विचित्र वाटेल: पुढे एकच चाक, त्याच्यावरच छोटे टू-स्ट्रोक इंजिन, आणि त्याच चाकाला ताकद. मागचा सगळा भाग मालासाठी मोकळा. जर्मनीत तिचे उत्पादन १९५६ लाच संपले होते, पण आपल्याकडे पुढची कित्येक दशके ती धावली. बाजाराच्या गावापर्यंत बैलगाडीने एक दिवस घालवणाऱ्या शेतकऱ्याला तिने तो दिवस परत दिला. पाठोपाठ याच कंपनीची मॅटाडोर आली. ऐंशीच्या दशकात मर्सिडीजचे डीझेल इंजिन आणि १९८७ मध्ये मर्सिडीजच्याच व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. पंढरपूर-तुळजापूरच्या वाऱ्या, लग्नाची वऱ्हाडे आणि कामगारांच्या पाळ्या या रस्त्यावर तिनेच वाहिल्या. मालट्रकांचेही तसेच. १९५४ च्या करारानंतर टाटांच्या ट्रकवर पंधरा वर्षे मर्सिडीजचा तारा होता. जर्मन यंत्र दणकट असते ही इथली समजूत जाहिरातींनी घडवलेली नाही. ओव्हरलोड माल घाटात चढवून, फाट्यावरच्या मिस्त्रीकडून रात्रीत दुरुस्त करून घेऊन ती पारखलेली आहे. त्या जमवलेल्या पुण्याईवर नंतर आलिशान गाड्यांनी आपला व्यापार मांडला. १९९५ मध्ये पिंपरीतून पहिली भारतीय मर्सिडीज कार निघाली, २००९ मध्ये चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवागनचे कारखाने उभे राहिले. पोर्शे आज फोक्सवागन समूहातच आहे, मात्र ती आपल्याकडे पूर्ण बांधलेल्या अवस्थेत आयात होते.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. आयातशुल्काने गाडीची किंमत दुपटीच्या आसपास जाते. ती मोजणारा माणूस ट्रॅक्टरचे कूळ आठवून मोजत नाही, शेजाऱ्याला दिसावे म्हणून मोजतो. यात तथ्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. भारतात पोर्शेचा मोठा खप केयेन आणि मकान या उंच, पाच माणसांच्या गाड्यांचा आहे. निव्वळ मिरवायचेच असते तर खाली टेकलेली दोनदारी गाडी अधिक नजरेत भरली असती. इथला श्रीमंत ग्राहकसुद्धा स्पीडब्रेकरवरून जाईल, घरच्यांना घेऊन गावी पोचेल असे वाहन मागतो. २००२ मध्ये केयेन आली तेव्हा जुन्या भक्तांनी कंपनीवर टीकेची झोड उठवली होती. मला मात्र ते कामाच्या गाडीकडे परतणे वाटते.

आणि तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडले त्याकडे पाठ फिरवून या गाडीविषयी लिहिणे अप्रामाणिक ठरेल. नोंदणीही पूर्ण न झालेल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती एक अल्पवयीन मुलगा चालवत होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीने महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप रास्त होता. गाडीच्या इतिहासाने त्या अपराधाचे ओझे तसूभर हलके होत नाही. पण मालकीच्या ओढीबद्दल त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पस्तीस अश्वशक्तीची ३५६ किंवा शेपूट फेकणारी जुनी ९११ मालकाकडून शिकण्याची किंमत वसूल करी. हात बसायला वर्षे लागत. कल्याणीनगरची ती पोर्शे, टायकान, विजेवर चालते, तिची ताकद पहिल्या ९११ च्या १३० अश्वशक्तीच्या तिपटीहून अधिक, आणि ती पायाच्या एका दाबाने, कसलेही कौशल्य न मागता हजर होते. वाहनाशी जुळवून घेत मालक होणे आणि पैसे भरून ताकद हातात घेणे यांतले अंतर इतके वाढले असेल, तर परवाना, वय आणि नोंदणी यांच्या तपासणीत शिथिलता ठेवणे हा गुन्ह्यात सहभागच आहे.

आपल्याकडे मालकीची ती जुनी, सावकाश जुळणारी तऱ्हा रुजायला दुसरीही अडचण आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग आणि वर हरित कर. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या वाहनांना व्हिंटेजचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी जपणाऱ्याला फारसा आधार नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात इथे आलेल्या केयेन आणि ९११ आता त्याच पट्ट्यात शिरल्या आहेत, आणि शेवटच्या मॅटाडोरही. हवेने थंड होणारे इंजिन उतरवून, खोलून पुन्हा बांधण्याचे कसब भोसरी-आकुर्डीच्या वर्कशॉपांत होते आणि अजून काही हातांत आहे. त्या मिस्त्रींना सुटे भाग कायदेशीरपणे मागवता यावेत, धुराची चाचणी पास होणाऱ्या जुन्या गाडीला वयामुळे अडवू नये, आणि आकुर्डीच्या हॅन्सिएटलाही व्हिंटेजच्या यादीत आयात मोटारीइतकाच मान मिळावा, एवढे परिवहन खात्याला सहज करता येईल.