अंश आणि छेद

काही वर्षांपूर्वी भिलाईतील एका निवृत्त परिचितांनी मला विचारले, "आमच्या टाऊनशिपमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढला आहे काय? ओळखीतलेच चार जण झाले." प्रश्न साधा होता, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. दर हा अपूर्णांक असतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच शिकवले जाते. चार हा अंश झाला. छेद कोठे आहे?

भारतात हा छेद प्रथम मुंबईने मांडला. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये तेथे लोकसंख्येवर आधारित देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. डी. जे. जस्सावाला हे त्यामागील प्रमुख नाव. रुग्णालये आपणहून माहिती पाठवतील या भरवशावर न राहता नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जात आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींशी मेळ घालत. रुग्ण मुंबईचा रहिवासी आहे की केवळ उपचारांसाठी आला आहे, हेही तपासले जाई; अन्यथा टाटा रुग्णालयात देशभरातून येणारा रुग्ण मुंबईच्या खात्यावर पडला असता. या परिश्रमांतूनच कळले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मुंबईतील प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे.

पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून हृदयविकाराची प्रादेशिक तुलना प्रसिद्ध केली. छेद तयारच होता: कर्मचाऱ्यांची पटसंख्या. १९७७ मध्ये त्यांनीच मुंबईच्या नोंदणीवरून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आहाराशी संबंध तपासला आणि चोथायुक्त अन्न व दह्यासारखे पदार्थ संरक्षक असावेत, असे अनुमान मांडले. अनुमानाचे सर्व तपशील टिकले नसतील. परंतु चोथ्याचे महत्त्व आज मान्य आहे. मद्य, तंबाखू, स्थूलता, बैठे जीवन, प्रक्रिया केलेले मांस आणि कुटुंबातील पूर्वेतिहास हे धोक्याचे अन्य घटक होत.

ग्रामीण भागात १९८७ मध्ये बार्शीने पाऊल टाकले. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे असणाऱ्यांचा शोध घेऊ लागले. तेथील दर मुंबईहूनही कमी आढळले.

आता भिलाई. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण आले. एक मालक, एक वसाहत, सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय: वरवर पाहता आदर्श छेद. परंतु हा कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर गाठतो. तरुणांच्या वसाहतीत तो दुर्मीळ भासणारच, आणि तीच पिढी वृद्ध झाल्यावर वाढल्यासारखा वाटणारच. म्हणून दर वयानुरूप समायोजित करावे लागतात. शिवाय निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून अनेक जण केरळ, आंध्र, बंगाल, विदर्भ येथे परततात. धोका वाढण्याच्या वयातच माणूस हिशेबातून निघून जातो. कंत्राटी कामगार आणि भोवतालची खेडी तर पटावर नसतातच.

२०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ लोकसंख्याधारित नोंदणींची आकडेवारी होती. त्यांत छत्तीसगडची एकही नव्हती. रुग्णालयातील नोंदी किती आले हे सांगतात. कितींपैकी आले, हे सांगत नाहीत. आणि ते कळल्याविना तपासणीसाठी कोठे, कोणत्या वयोगटावर खर्च करावा, हे प्रशासन केवळ अंदाजाने ठरवते.

त्या परिचितांना मी एवढेच सांगितले: दराचे मला ठाऊक नाही, परंतु शौचावाटे रक्त पडले तर मूळव्याध समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या चौघांपैकी दोघांनी नेमके तेच केले होते. व्यक्तीला देण्याचा सल्ला छेदावाचून देता येतो. लोकसंख्येसाठीचे धोरण मात्र छेदावाचून आखता येत नाही.