भयाची चिकित्सा आणि चिनी सुई



भीती कोठे राहते? तत्त्वज्ञाला हा प्रश्न विचारला तर तो मनाकडे बोट दाखवील. आपली मराठी भाषा मात्र शरीराकडे बोट दाखवते. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, बोबडी वळते, असे आपण म्हणतो. काळजी या शब्दाच्या शेजारीच काळीज उभे आहे. गीतेच्या प्रारंभी अर्जुनाला जो विषाद झाला, तोही व्यासांनी प्रथम त्याच्या शरीरातच दाखविला. गात्रे शिथिल झाली, तोंड सुकले, अंगाला कंप सुटला, हातातले गांडीव गळाले, तत्त्वचर्चा त्यानंतरची.

आपल्याकडे भाषेने आणि काव्याने जे टिपले, त्यावरच प्राचीन चीनमध्ये एक चिकित्सापद्धती उभी राहिली. तीत सुईला मोठे स्थान होते. सुई टोचून भय आणि चिंता कमी करण्याचा हा उद्योग दोन हजार वर्षे कसा चालला, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. सुईने गुण येतो की नाही, एवढाच प्रश्न त्यात नाही. भ्यालेल्या माणसाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

प्रारंभ कधी झाला, याविषयी भूगर्भातून दोन साक्षी निघाल्या आहेत. चीनमधील मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ मध्ये उघडली, तेव्हा तीत रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. शरीरातून वाहणाऱ्या मार्गांचे वर्णन त्यांत आहे, दवण्याच्या जातीची वनस्पती जाळून त्या मार्गांवर शेक देण्याची रीतही आहे. पण सुईचा उल्लेख नाही. दुसरी साक्ष मानचेंग येथील. इ. स. पू. ११३ मध्ये मृत्यू पावलेल्या ल्यू शेंग या राजपुत्राची कबर १९६८ मध्ये सापडली, आणि तीत सोन्याच्या व चांदीच्या सुया मिळाल्या. म्हणजे सुईच्या चिकित्सेचे शास्त्र साधारण याच काळाच्या आसपास आकार घेत असावे.

त्या शास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’, अर्थात पीतसम्राटाचे अंतर्वैद्यक. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत त्याचे संकलन झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या ग्रंथपरंपरेने पाच भाव पाच अवयवांत वसविले. क्रोध यकृतात, हर्ष हृदयात, चिंतन व काळजी प्लीहेत, शोक फुप्फुसांत आणि भय मूत्रपिंडांत. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते आणि प्रत्येक भाव तिची गती बदलतो, अशी यामागची कल्पना. रागाने ती वर चढते, भयाने खाली उतरते, एकाएकी दचकल्याने सैरावैरा होते, आणि अति विचाराने तिची गाठ बसते.

आजच्या शरीरशास्त्राला हा नकाशा मान्य नाही. ‘ची’ नावाचा पदार्थ कोणी मोजलेला नाही, आणि काळजी प्लीहेत बसत नाही. परंतु निरीक्षणाची सूक्ष्मता पाहा. अत्यंत भ्यालेल्या माणसाचे पाय लटपटतात, लघवीचा ताबा सुटतो; हे पाहणाऱ्याने भय खाली उतरते आणि मूत्रपिंडांत राहते असे म्हटले, तर त्यात नवल ते काय? चिंता मनाला गाठ मारते, हे तर रात्रभर कूस बदलणाऱ्या कोणालाही पटेल.

या नकाशाचा परिणाम मात्र फार मोठा झाला. भय अवयवात आहे असे एकदा मानले, की ते चारित्र्यातील वैगुण्य उरत नाही. भित्रा माणूस हा भ्याड ठरत नाही. त्याची प्राणशक्ती वाट चुकली आहे, एवढेच ठरते. ज्याला वाट चुकली म्हणतात, त्याला वाटेवर आणताही येते. म्हणूनच वैद्याला त्याच्या अंगावर हात ठेवता आला. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूस जो बिंदू आहे, त्याचे नाव ‘शेनमेन’, म्हणजे चैतन्याचे द्वार. त्याच घडीपासून थोडे वर, हाताच्या आतल्या अंगास ‘नेइग्वान’ हा बिंदू आहे. त्याचा अर्थ आतली चौकी. धडधड, बेचैनी, निद्रानाश यांवर हे दोन्ही बिंदू आजही वापरले जातात.

चीनमध्येसुद्धा ही दृष्टी सर्वत्र आणि सर्वकाळ टिकली असे मात्र समजू नये. तेथेही भुतेखेते होतीच. सातव्या शतकातील थोर वैद्य सुन स्सुम्याव याने उन्माद आणि बाधा यांसाठी तेरा बिंदू सांगितले आहेत. त्यांना ‘भूतबिंदू’ म्हणतात. एकाचे नाव भुताचा राजवाडा, दुसऱ्याचे भुताची उशी! पण येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्द मांत्रिकाचे असले तरी सुई वैद्याच्या हाती आहे, आणि ती नेमक्या जागी टोचावयाची आहे. पुढे १०२७ मध्ये सुंग घराण्याच्या काळात वांग वेइयी या वैद्याने बिंदू दाखविणारे काशाचे मनुष्याकृती पुतळे घडविले. त्यांवर मेण लावून आत पाणी भरीत आणि विद्यार्थ्याची सुई अचूक पडली तर पाणी बाहेर येई, असे परंपरा सांगते. भय घालविण्याच्या विद्येला परीक्षा आली, ही सामान्य प्रगती नव्हे.

त्यानंतर उतरती कळा लागली. १८२२ मध्ये ताओक्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा विभाग काढून टाकला. सम्राटाच्या देहाला टोचणे आणि शेकणे उचित नव्हे, असे कारण दिले गेले. विद्या खेडोपाडी, गरिबांच्या घरी राहिली. १९२९ मध्ये तर चीनच्या तत्कालीन राष्ट्रवादी सरकारपुढे सारे जुने वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला. १७ मार्च १९२९ रोजी देशभरचे वैद्य शांघायला जमले आणि त्यांनी तो हाणून पाडला. पुढे चंग तानआन या वैद्याने बारीक सुया आणि आधुनिक शरीररचनेचे ज्ञान यांची जोड घातली. पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या जू ल्येन या डॉक्टरबाईंनी १९५१ मध्ये नव्या सूचिचिकित्सेवर ग्रंथ लिहिला आणि प्राणशक्तीऐवजी मज्जासंस्थेच्या भाषेत तिची उपपत्ती सांगितली.

येथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आपण जाणतोच. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुईवाले नव्हेत, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू हे मात्र पुढे पुन्हा चीनला गेले, १९५८ च्या सुमारास ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिचा प्रसार केला. भारतात ही सुई आली ती मैत्रीच्या या वाटेने.

आता या इतिहासातील सर्वांत बोलक्या प्रकरणाकडे वळू. बियर्ड या अमेरिकन डॉक्टरने १८६९ मध्ये ‘मज्जादौर्बल्य’ या रोगाची कल्पना रूढ केली. जपानमार्गे ती चीनमध्ये गेली, आणि गंमत अशी की पश्चिमेत ती मागे पडत असताना चीनमध्ये ती घरोघर पोहोचली. झोप नाही, डोके दुखते, छाती धडधडते, विसर पडतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘तुमच्या मज्जा थकल्या आहेत’ असे सांगत आणि औषधाबरोबर सुईही देत. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हूनान वैद्यकीय महाविद्यालयात अशा १०० रुग्णांची तपासणी केली. त्याच्या मोजमापाने त्यांपैकी ८७ जणांना गंभीर खिन्नतेचा विकार होता. अनेकांना चिंतेचाही होता. पुष्कळांच्या दुःखाची मुळे नुकत्याच संपलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या छळात होती.

ही माणसे खोटे बोलत होती काय? मुळीच नाही. ज्या काळात मनातील निराशा हा राजकीय अपराध ठरू शकत होता, त्या काळात ‘माझे डोके दुखते’ हे वाक्य सुरक्षित होते. देहाने त्यांना आसरा दिला. पण आसऱ्याची किंमतही पडली. ज्या अन्यायाने झोप उडाली, त्याचे नाव कोणी घेतले नाही. भयाला देहात घर दिल्याने भ्यालेला माणूस वाचतो, हे एक सत्य. भय उत्पन्न करणाराही त्यामुळे सुटतो, हे दुसरे. दोन्ही सत्ये एकाच वेळी ध्यानात ठेवावी लागतात.

याच्या उलट चित्र न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्राँक्स भागात दिसले. १९७० मध्ये तेथील लिंकन रुग्णालयात वस्तीतल्याच तरुणांनी झगडून व्यसनमुक्तीचे केंद्र उघडावयास लावले. हाँगकाँगचे डॉ. वेन यांना कानात सुया टोचून विजेचा सौम्य प्रवाह दिल्यावर अफूच्या व्यसनींची तगमग शमते असे आढळले होते. ब्राँक्समध्ये त्यावरूनच पुढे कानातील पाच बिंदूंची साधी रीत बसली. त्यांतल्याही एकाचे नाव शेनमेनच! तेथे दहावीस माणसे एका खोलीत खुर्च्यांवर सुया लावून निमूट बसत. कोणी काही विचारीत नसे, कबुलीजबाब मागत नसे. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर भेदरलेल्या न्यूयॉर्ककरांसाठीही हीच रीत वापरली गेली.

मग सुईने खरोखर काय होते? या प्रश्नाला भक्तीने अथवा उपहासाने उत्तर देऊन भागणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती कानातील सुयांनी कमी होते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. दीर्घकाळच्या चिंताविकाराविषयीचे प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय मोठी अडचण अशी, की चुकीच्या जागी टोचले तरी गुण येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्क्यांना, खोट्या जागी टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना गुण आला. विषय कंबरेचा असला तरी बोध आपल्या विषयालाही लागू आहे. बिंदूंच्या नकाशापेक्षा बिंदूंभोवती जे घडते, ते अधिक काम करीत असावे.

काय घडते बिंदूंभोवती? माणूस अर्धा तास स्वस्थ पडतो. कोणी त्याची नाडी पाहते, झोपेविषयी विचारते, अंगाला जपून हात लावते. आणि भयाला ‘भिऊ नकोस’ हा निरुपयोगी उपदेश मिळत नाही. मौज ही, की जुन्या ग्रंथालाही हे माहीत होते. प्रत्येक टोचणीचे मूळ रोग्याच्या चैतन्यात असले पाहिजे, आणि टोचणाऱ्याने खोल दरीच्या काठावर उभे असल्याप्रमाणे सावध राहावे, असा त्याचा आदेश आहे.

एक सावधगिरीचे शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. निर्जंतुक सुई आणि शिकलेला हात नसेल तर अपाय होतो. छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. ज्याला जगणेच नकोसे झाले आहे, त्याला सुईच्या भरवशावर ठेवू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

आपल्या घरांत भ्यालेल्या मुलाला अजूनही ‘भित्रा कुठला’ म्हणतात, आणि रात्ररात्र जागणाऱ्या सुनेला ‘हिला फार विचार करायची सवय’ म्हणून गप्प करतात. चिनी वैद्याचे प्लीहेचे शास्त्र चुकले असेल. पण समोरच्या माणसाला लाज न वाटू देता त्याचे मनगट हातात घेण्याचे शास्त्र त्याला साधले होते. सुई घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. मनगट हातात घेण्यास मात्र कोणाच्याही परवान्याची गरज नाही. फक्त त्यानंतर झोप का उडाली हेही विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो हात सोडू नये.